पुढचं शटर कुणाचं?

दुकानात गिऱ्हाईक नसलं की दोन गोष्टी साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ सकाळी फडक्यानं झटकता येते, किश्शांचं तसं नसतं. एकदा बसले की बसले! त्यात वर्षानुवर्षं तेच शेजारी आणि तोच कटिंग चहा असेल, तर मग विचारूच नका. घरी पाहुणे आले की आमचे हे आधीच सांगून टाकतात, "हिला जुईनगरच्या दुकानाबद्दल काही विचारू नका हं, जेवायला उशीर होईल!"

पण तुम्ही विचारलंत ना? मग ऐका.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जुईनगरला स्टेशनपासून जवळच आमची दुकानांची एक छोटी लाईन होती. त्यात माझं मॅचिंग सेंटर. म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, परकर आणि साडीला फॉल-पिको. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे वाशीच्या भाजी मार्केटात नोकरीला. माझ्या डाव्या हाताला शिर्क्यांचं भांड्यांचं दुकान, उजव्या हाताला अत्तारचाचांचं घड्याळाचं. त्यापुढं कुट्टीचा एसटीडी बूथ, देसायांचा फोटो स्टुडिओ आणि अगदी टोकाला बाळारामशेठचं रंगाचं दुकान. बाळारामशेठ इथलेच, खाडीकाठच्या गावातले. वाडवडलांची शेती नवीन शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर त्यांनी हे गाळे बांधले. म्हणजे आमचे मालक तेच आणि शेजारीही तेच.

आणि मग मंदी आली.

बेलापूर पट्टीतल्या कंपन्या एकेक करून कुलूप लावायला लागल्या. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याच कंपन्यांतली. जो तो 'व्हीआरएस घेतली' असं सांगायचा, अगदी ताप आला म्हणून सांगतात तसं, हळू आवाजात. पहिला बळी गेला आमच्यातल्या व्हिडिओ कॅसेट लायब्ररीचा. आधी केबलनं मारलं, उरलेलं मंदीनं. त्याचं शटर खाली आलं, त्या दुपारी आम्ही सगळे बाहेर येऊन त्या बंद शटरकडं बघत उभे होतो. 

मग शिर्के म्हणाले, "बोला, पुढचं शटर कुणाचं?"

एवढं हसलो आम्ही, एवढं हसलो! हसायला पाहिजेच होतं. नाहीतर रडायची पाळी होती.

* * *

तो आमचा रोजचा खेळच झाला. दुपारी जेवणं झाली की चहा, आणि चहाबरोबर मतदान. पुढचं शटर कुणाचं?

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकमतानं माझं नाव घेतलं.

शिर्के म्हणाले, "राग मानू नका वहिनी. पण भांडं लागतंच, घड्याळ लागतंच, फोन लागतोच. मॅचिंगचं काय अडलंय? मंदीत बाया नवीन साड्या घेणार नाहीत. जुन्याच नेसतील."

मी म्हटलं, "जुन्याच नेसतील ना?"

"हो."

"लग्नातल्या?"

"लग्नातल्या."

"मग शिर्के, ब्लाउज नवा लागणारच! साडी तेवढीच राहते हो, बाई तेवढी राहत नाही!"

देसायांचा चहा नाकातून बाहेर आला. पण मी काही विनोद केला नव्हता. त्या दिवाळीला कुणी नवीन साडी घेतली नाही हे खरं. पण पेट्यांच्या तळातून शालू निघाले, पैठण्या निघाल्या, आईच्या, सासूच्या साड्या निघाल्या. बाया येऊन काउंटरवर पिशव्या उलट्या करायच्या. "वहिनी, ह्याला काय मॅच होईल बघा ना." सानपाड्याहून, नेरूळहून यायच्या. चाळीस वर्षांपूर्वीचा जांभळा रंग कुठल्या गिरणीत आता मिळणार? पण मी शोधून द्यायचे. उन्हात उभं राहून, कापड साडीशेजारी धरून, डोळे बारीक करून बघायचं. हुबेहूब जमलं की त्या बाईच्या चेहऱ्यावर जे यायचं ना, ते नवीन साडी घेणाऱ्या बाईच्याही चेहऱ्यावर मी कधी पाहिलेलं नाही.

दिवाळीनंतर मतदानातून माझं नाव गेलं.

* * *

मग पाळी शिर्क्यांची. मंदीत लोकांनी लग्नं थांबवली नाहीत, पण आहेर लहान केले. आधी हंडा द्यायचे ते डब्यावर आले, डब्याचे वाटीवर आले. नंतर लोक आणखी शहाणे झाले. आपल्याला आलेला आहेर घेऊन शिर्क्यांकडं यायचे आणि कानात सांगायचे, "ह्याच्यावरचं नाव घासून काढा आणि आमचं टाका."

शिर्क्यांकडं नाव टाकायचं मशीन होतंच. घासायचंही त्यांनी आणलं. दिवसभर घुर्रर्र चालू!

एकदा एक बाई असाच एक मोठा स्टीलचा डबा घेऊन आल्या. शिर्क्यांनी उलटा करून नाव वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'शिर्के परिवाराकडून सप्रेम भेट.' बाईंच्या वास्तुशांतीला त्यांनीच दिलेला डबा!

बाईंच्याही ते लक्षात आलं. त्या लालेलाल झाल्या. शिर्क्यांनी शांतपणे स्वतःचं नाव घासलं, बाईंचं टाकलं, डबा पुसून दिला.

पुढं शिर्क्यांच्या मुलीचं लग्न झालं. आहेराची भांडी मोजायला आम्हा बायकांना बसवलं होतं. एवढ्यात शिर्के आतून ओरडत आले, हातात तोच डबा! मधे आणखी दोन घरं फिरून आला होता. बूड घासून घासून पातळ झालेलं.

शिर्क्यांची बायको कपाळाला हात लावून बसली. "अहो, आपलाच डबा आपल्याला!"

शिर्के म्हणाले, "अगं, पण प्रत्येक वेळी घासला कुणी? मीच ना? एकाच डब्यावर मी तीनदा कमावलंय! दाखव मला असा दुसरा धंदा!"

* * *

कुट्टी पालघाटचा. आमच्यात येऊन मराठी शिकला, पण त्याच्या मराठीत क्रियापदं कुठं जातील ह्याचा नेम नसायचा. लोकांनी एसटीडीवर बोलणं कमी केलं. मुलगा पास झाला हे गावाला कळवायचं तर लोक पोस्टकार्ड लिहायला लागले. सगळे म्हणाले, कुट्टीचं शटर नक्की.

पण झालं काय, नोकरी गेलेले लोक नवीन अर्ज करायला लागले. अर्जावर फोन नंबर लागतो. घरी फोन कुणाकडं? मग सगळ्यांनी कुट्टीचा नंबर टाकला! कुट्टीला विचारलंसुद्धा नाही.

एक दिवस फोन वाजला. "मिस्टर जाधव आहेत का? इंटरव्ह्यूसाठी बोलवायचं आहे." कुट्टी हुशार. त्याला वाटलं, बूथवरून बोलतोय सांगितलं तर जाधवची किंमत कमी होईल. त्यानं आवाज खाली घेतला आणि इंग्रजीत झाडलं, "मिस्टर जाधव इज इन अ मीटिंग. आय ॲम हिज पीए."

तिकडून फोन ठेवला गेला.

पुन्हा आला नाही. जाधव दोन दिवसांनी स्वतः त्या कंपनीत गेला. तिथला साहेब म्हणाला, "अहो, तुमच्याकडं पीए आहे. आम्ही देतो तो पगार तुम्हाला काय पुरणार?"

जाधव जो तिथून धावत आला तो थेट कुट्टीच्या काचेवर! "कुट्टी, बाहेर ये!" आम्ही सगळे मधे पडलो. कुट्टी आतून हात जोडतोय, "सॉरी बोलतो ना मी! प्रमोशन जास्त दिला तुला!"

त्याच संध्याकाळी कुट्टीनं स्वतः त्या साहेबाला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. साहेब इतका हसला, इतका हसला, की म्हणाला, "पाठवा त्या जाधवला. ज्याच्यासाठी शेजारी खोटं बोलतात, तो माणूस वाईट नसणार."

जाधवला नोकरी लागली. त्यानंतर जुईनगरमध्ये बातमी अशी पसरली की कुट्टीचा नंबर टाकला की काम होतं! फोन आला की कुट्टी बूथ माझ्यावर टाकून चपला हातात घेऊन धावायचा. 'शिंदेऽऽ, कॉल आयाऽऽ!' तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जायचा. आणि नोकरी लागलेला प्रत्येक माणूस गावाला पहिला एसटीडी कुठून लावणार? सांगा बरं!

* * *

बाळारामशेठ मतदानात नेहमी स्वतःचंच नाव घ्यायचे. "माजाच शटर जानार. खोल्या बांधतान, पन घेतं कोन? सीवूडला जाऊन बगा, आख्खी बिल्डिंग हाय नि एका खिडकीन दिवा नाय. रंग कोनाला लावू, कावल्यांना?"

आणि खरंच, रंगाचे डबे पडून पडून आतून घट्ट व्हायला लागले. एक दिवस सकाळी येऊन बघतो तर शेठ स्वतः शिडीवर! डोक्याला टॉवेल, हातात ब्रश. उरलेला प्रत्येक डबा फोडलेला. आमच्या लाईनीला रंग चाललाय! पण एका रंगाचा पुरेसा माल होता कुठं? त्यामुळं मी गुलाबी, शिर्के पोपटी, चाचा आकाशी, कुट्टी पिवळा. देसायांच्या वाट्याला दोन रंग आले, अर्धा गाळा केशरी, अर्धा चॉकलेटी.

"शेठ, हे काय?" देसाई रडकुंडीला आले.

"फुकटान हाय ना? मंग गप ऱ्हा."

पण गंमत बघा. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबायला लागला. पलीकडच्या सेक्टरमधला एक दुकानदार खास चौकशीला आला. त्याला वाटलं, आमची काहीतरी लॉटरी लागलीय. शेठना म्हणाला, "एवढ्या मंदीत रंग काढायला परवडतो कसा तुम्हाला?"

शेठ शिडीवरूनच म्हणाले, "परवडत नाय, म्हनून तर काढला!"

तो बिचारा विचार करत करत घरी गेला. आणि पुढच्या महिन्यात आपल्या दुकानाला रंग काढायला शेठकडंच आला!

* * *

देसाई मालवणचे. बोलणं कमी, पण जे बोलतील ते तिरकं. लग्नाचे अल्बम बंद झाले, बारशाचे बंद झाले, उरले फक्त अर्जावरचे पासपोर्ट फोटो. नोकरीचा अर्ज म्हणजे टाय पाहिजे. लोकांकडं टाय कुठला? देसायांनी स्वतःच्या लग्नातला मरून रंगाचा टाय खुंटीला टांगून ठेवला. जो येईल त्याच्या गळ्यात तो बांधायचा, फ्लॅश मारायचा, काढून पुन्हा खुंटीला.

एकदा आमच्या सेक्टरमधली चार पोरं एकाच कंपनीत मुलाखतीला गेली. साहेबानं अर्ज टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा काढून विचारलं, "तुम्ही सगळे एकाच कॉलेजचे का?"

त्यातलं एक पोरगं म्हणालं, "नाही सर. एकाच देसायांचे!"

देसायांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बायको सांगत होती, तो टाय तुम्हाला शोभत नाही म्हणून. बघा, आख्ख्या जुईनगरला शोभला!"

* * *

आता चाचांची गोष्ट. अत्तारचाचा कराडचे. डोळ्याला भिंग लावून बसले की आजूबाजूला भूकंप झाला तरी मान वर नाही.

त्यांच्याकडं एक पवार म्हणून गृहस्थ यायला लागले. कंपनीत मेंटेनन्सला होते, कंपनी बंद झाली. हातातलं घड्याळ काढून म्हणाले, "चाचा, हे हळू चालायला लागलंय बघा."

चाचांनी उघडलं, तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं. घड्याळ एकदम बरोबर. परत दिलं. आठवड्यानं पवार पुन्हा हजर. "अजून हळूच चालतंय. दुपार संपतच नाही हो."

चाचांनी पुन्हा ठेवून घेतलं, पुन्हा दिलं. असं तीन-चारदा झालं. एकही पैसा घेतला नाही. मला राग आला. मी म्हटलं, "चाचा, घड्याळ चांगलं आहे हे त्यांना सांगून का टाकत नाही?"

चाचा म्हणाले, "वहिनी, घड्याळाचं मला समजतंय, पर माणसाचं घड्याळ कसं खोलायचं, त्यो इचार चाललाय."

पुढच्या खेपेला पवार आले, तेव्हा चाचांनी घड्याळाला हातच लावला नाही. भिंतीवरचं एक मोठं घड्याळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "पवारसाहेब, माझं डोळं आता थकलं. भिंतीवरची घड्याळं तुमी बगा. बसा हितं."

पवार बसले. बसले ते रोज बसायला लागले. भिंतीवरच्या घड्याळावरून इस्त्रीवर गेले, इस्त्रीवरून मिक्सरवर, मिक्सरवरून टेबलफॅनवर. मंदीत लोक नवीन घेत नव्हते, जुनं दुरुस्त करत होते. चाचांच्या दुकानापुढं आम्ही कधी रांग बघितली नव्हती, ती बघितली. चाचांनी पाटी रंगवून घेतली. स्वतःच्या नावाशेजारी पवारांचं नाव. अक्षरं एकाच मापाची.

पुढं पावसाळ्यात एकदा आम्ही चहा घेत होतो. चाचांनी हळूच विचारलं, "पवारसाहेब, त्ये हातातलं कसं काय चालतंय आता?"

पवारांनी मनगटाकडं बघितलं आणि वैतागून म्हणाले, "अहो, फार पुढं पळतंय! जरा एक मिक्सर उघडावा तर संध्याकाळ!"

चाचांनी भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "असू द्या. त्ये आता दुरुस्त करायचं नाय."

* * *

ह्यात एक राहिलंच. वाशीच्या बाजूला एक मोठं एसी दुकान निघालं. सगळं एका छताखाली, ढकलगाडी घ्यायची आणि आपलं आपण उचलायचं. पेपरात आलं की आता छोटी दुकानं संपली. म्हटलं, आपल्याला कोण संपवणार ते बघून तरी येऊ! एका सोमवारी सगळे मिळून गेलो.

आत गारेगार. बटाट्यालासुद्धा प्लॅस्टिकचं कव्हर. शिर्के प्रत्येक भांडं वाजवून बघत होते. टायवाला एक मुलगा बाळारामशेठच्या मागं मागं. शेवटी त्यानं विचारलं, "सर, आपल्याला काय हवंय?"

शेठ म्हणाले, "मना हवाच पायजे, बाला. जरा ह्याच्याखाली उबा ऱ्हाऊ दे."

ते दुकान दीड-दोन वर्षांत बंद झालं. आम्हाला त्याचा आनंद नाही झाला, खरं सांगते. त्या टायवाल्या मुलाचं काय झालं, हेच आधी मनात आलं. कुट्टी म्हणाला, "त्याने पण माझा नंबर टाकायला पायजे होता."

* * *

आणि आता शेवटचा. हा मी सांगते तेव्हा आमचे हेसुद्धा टीव्ही बंद करून ऐकतात.

आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये कदमसाहेब राहायचे. केमिकल कंपनीत फोरमन. साहेब म्हणायला लावतील असाच माणूस. कडक इस्त्री, कडक आवाज. त्यांच्या मुलीचं, मनीषाचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात कंपनी बंद पडली. कदमसाहेबांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त सगळ्यांना सांगितलं, "आम्ही साधेपणानं करणार आहोत. आहेर आणू नये." आपल्याला कळतं ना, कुठला साधेपणा आवडीचा असतो आणि कुठला नसतो ते.

मनीषा आमच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली. पण कदमसाहेबांना मदत देणार कोण? एकदा त्यांच्या शेजाऱ्यानं नुसतं विचारलं होतं, तर त्याच्याशी बोलणं टाकलं त्यांनी.

दुपारच्या चहाला मतदानच झालं नाही त्या दिवशी. सगळे विचारात. मग देसाई म्हणाले, "आपण एक खोटं बोलूया."

संध्याकाळी आम्ही सगळे कदमसाहेबांच्या घरी. देसायांनी सुरुवात केली. "साहेब, मंदीमुळं आमची अवस्था फार वाईट आहे. लाईनीची जाहिरात केली नाही तर बुडणार. म्हणून कॅलेंडर काढायचं ठरवलंय. त्यावर नवरीचा फोटो पाहिजे. मॉडेल आम्हाला परवडत नाही. मनीषाचा काढला तर उपकार होतील."

कदमसाहेब म्हणाले, "नेसवणार काय?"

मी म्हटलं, "शालू माझ्याकडचा, ब्लाउज शिवून देते. माझीच जाहिरात आहे ना!"

शिर्के म्हणाले, "मागं भांड्यांची आरास माझी. हंड्यापासून चमच्यापर्यंत."

चाचा म्हणाले, "भिंतीला घड्याळ माझं."

"आणि फोटो झाल्यावर ह्या वस्तू?"

आता आली पंचाईत! आम्ही एकमेकांकडं बघतोय. देसाई घसा साफ करून म्हणाले, "त्या मॉडेलच्याच असतात, साहेब. परत घ्यायची पद्धत नाही."

"असा नियम आहे?"

कुट्टी पटकन म्हणाला, "इंटरनॅशनल रूल, साहेब!"

कदमसाहेबांनी कुट्टीकडं असं रोखून बघितलं की मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, "ठीक आहे. तुमची एवढी अडचण आहे तर करू. पण फोटो काढताना मी हजर राहणार."

आणि हजर कसले! सगळा कारभारच त्यांनी हातात घेतला. "शिर्के, हंडा मागं लपलाय, पुढं घ्या. असा धंदा करतात का? चाचा, घड्याळ तिरकं आहे. वहिनी, पदराचा काठ दिसू द्या, तुमचं काम त्यातच आहे ना!" बाळारामशेठनी मागची भिंत रंगवून दिली होती. तो रंग कदमसाहेबांना आवडला नाही, तर शेठनी मुकाट्यानं दुसरा दिला. आणि मनीषा काय दिसली म्हणून सांगू! देसाई कॅमेऱ्यामागून बाहेरच येईनात. नंतर कळलं, डोळे पुसत होते.

लग्न झालं. मनीषा सगळं घेऊन सासरी गेली. आम्ही खूश. विषय संपला.

डिसेंबरात कदमसाहेब दुकानात आले. "कॅलेंडर कुठंय?"

आम्ही गारठलोच! कॅलेंडर कुठलं? ते तर खोटं होतं! शिर्के म्हणाले, "छापायला टाकलंय, साहेब." आणि साहेबांची पाठ वळल्याबरोबर देसाई निगेटिव्ह घेऊन तुर्भ्याच्या छापखान्यात पळाले. बाळारामशेठनी प्रेसवाल्याचं ऑफिस रंगवून देतो म्हणून कबूल केलं, तेव्हा कुठं त्यानं दुसरी कामं थांबवली. नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी गठ्ठे आले. वर मनीषा, मागं भांडी, घड्याळ, शालू; खाली आमची सगळ्यांची नावं.

कदमसाहेबांनी गठ्ठे उचलले आणि सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, दारोदार स्वतः वाटले. कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आणि तुम्हाला सांगते, संक्रांतीच्या आत आमच्या लाईनीत पाय ठेवायला जागा नाही! बाया कॅलेंडर गुंडाळी करून हातात घेऊन यायच्या. "हाच रंग पाहिजे." "असाच हंडा दाखवा." "हिच्यासारखा फोटो काढा." मी मदतीला दोन बायका ठेवल्या. तरी हात पुरेनात.

एक दिवस अशाच गर्दीत कदमसाहेब आले. आमच्या सगळ्या दुकानांकडं एकदा नीट बघितलं. मग फुटपाथवर मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, चांगलं चाललंय ना? बरं वाटलं. पण एक लक्षात ठेवा. माझ्या पोरीनं तुमची दुकानं वाचवली!"

शिर्क्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. चाचांनी भिंग काढलं. बाळारामशेठ पुढं आले, त्यांनी कदमसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले,

"हो साहेब. नायतं आमचा काय खरा नव्हता!"